सावधान : समर्थांनी ऐकलेला एक शब्द

चैत्र शुद्ध नवमीस सूर्य माथ्यावर येतो तेव्हा गावोगावच्या राममंदिरांत एक विलक्षण शांतता पसरते. पाळणा फुलांनी सजलेला असतो, सुंठवडा वाट्यांतून भरून ठेवलेला असतो, गुलालाची मूठ वळलेली असते आणि लहानथोरांचे डोळे एका क्षणाकडे लागलेले असतात. महर्षी वाल्मीकींनी रामजन्माची तिथी, पुनर्वसू नक्षत्र आणि कर्क लग्न सांगून ठेवले आहे. रवी मेषेचा असता कर्क रास पूर्व क्षितिजावर येते ती सुमारे माध्यान्हीच. म्हणून जन्म बारा वाजता. कीर्तनकाराने आख्यान असे चालवावे की कौसल्येच्या महालातील तो क्षण आणि मंडपातील घड्याळाचे बारा यांची गाठ बरोबर पडावी, ही आपली जुनी रीत आहे.

याच तिथीस, आणि परंपरेप्रमाणे याच माध्यान्हीच्या वेळी, शके १५३० मध्ये, म्हणजे इ.स. १६०८ साली, मराठवाड्यातील जांब या गावी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी दुसरा पुत्र जन्मास आला. त्याचे नाव नारायण ठेविले. तेच पुढे समर्थ रामदासस्वामी झाले. रामनवमीस रामकथा सर्वत्र होते. आज या पानावर आम्ही रामदासांची कथा सांगावयास बसलो आहोत, आणि तीही एका शब्दाच्या आधाराने. त्याचे कारण आम्हांस कुरखेड्यास घडलेल्या एका लहानशा प्रसंगात सापडले, म्हणून आधी तो प्रसंग निवेदन करितो.

आमचे वास्तव्य वैनगंगेच्या काठी, मार्कंडा क्षेत्री. सोळा वर्षांचेच आयुष्य लाभलेल्या ज्या बालकाने काळ दाराशी आला असता शिवलिंगास मिठी घातली, त्या मार्कंडेयाचे नाव आमच्या गावास आहे. तेथून उत्तरेस, जंगलाच्या वाटेने, सती नदीच्या काठी कुरखेडा हे तालुक्याचे गाव लागते. काही वर्षांपूर्वी रामनवमीचे कीर्तन आम्ही तेथे केले. चैत्राचे दिवस म्हणजे या झाडीमुलखात मोहफुलांचे दिवस. पहाटेपासून मोहाखाली फुलांचा सडा पडू लागतो आणि घरची माणसे टोपल्या घेऊन अंधारातच वेचावयास निघतात. एकेक फूल हाताने उचलावे लागते. ऊन चढण्यापूर्वी, गुरेढोरे येण्यापूर्वी जेवढे वेचले तेवढे आपले. त्या दिवशीही मंडपात बसलेल्या कित्येक आयाबाया पहाटेची वेचणी उरकून, फुले अंगणात वाळत घालून आलेल्या होत्या.

आमच्यासमोर चौरंगावर घड्याळ ठेवलेले होते. मुखाने दशरथाच्या यज्ञाचे वर्णन चालले होते, टाळ-मृदंग रंगात आले होते, आणि डोळा दर दोन मिनिटांनी काट्यावर जात होता. जन्म वेळेवर झाला, गुलाल उधळला, पाळणा म्हटला. प्रसाद घेऊन निघताना एक वृद्ध बाई पाया पडल्या आणि मोठ्या काळजीने विचारू लागल्या की महाराजांना कोठली गाडी गाठायची आहे काय. नातवाजवळ दुचाकी आहे, तो वडशापर्यंत पोचवून देईल. त्यांच्या मनात टीका नव्हती. महाराज सारखे घड्याळाकडे पाहतात, तेव्हा त्यांना जाण्याची घाई असणार, एवढेच त्या माउलीला वाटले होते. आम्ही वरकरणी हसलो. परंतु वाटेत, सतीचा पूल ओलांडताना, मनाने मनाला विचारले, की अरे, बारा वाजले ते आपण पाहिले. पण राम जन्मला तो पाहिला काय? मंडपात सगळे त्या क्षणी हजर होते. गैरहजर होता तो क्षण सांगणारा!

वाचकहो, तेव्हापासून समर्थांचे चरित्र आम्ही नव्याने वाचू लागलो. पूर्वी आम्हांस त्यात पराक्रम दिसे, वैराग्य दिसे. आता त्यात दिसू लागले ते मनाचे आणि काळाचे भांडण, आणि त्या भांडणाचा समर्थांनी केलेला निवाडा.

अंतरपाट

नारायणाचे पितृछत्र बालपणीच हरपले. थोरले बंधू गंगाधरपंत घर सांभाळू लागले. नारायण मुलांत खेळे, झाडांवर चढे, आणि अकस्मात कोठे तरी दिसेनासा होई. एकदा असाच तो अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत मातेला सापडला. येथे काय करीत बसलास असे तिने पुसले, तेव्हा आपण विश्वाची चिंता वाहत आहोत अशा अर्थाचे उत्तर त्या बालकाने दिले, असे चरित्रकार सांगतात. आईला ते कौतुकाचे वाटले असेल, भयाचेही वाटले असेल. मुलाचे लग्न करून द्यावे, म्हणजे मन घरात रमेल, असे कोणाही मातेस वाटते तसे राणूबाईंस वाटले. मुलगा ऐकेना. अखेर तिने त्याच्याकडून एवढेच वचन घेतले की अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणावयाचे नाही.

वय वर्षे बारा. इ.स. १६२० चा सुमार. आसनगावी मंडप पडला. त्या काळी मुहूर्त साधण्यासाठी जोशीबुवा पाण्यात घटिकापात्र सोडीत. तांब्याची पातळ वाटी, तळाशी सूक्ष्म छिद्र, त्यातून थेंबथेंब पाणी आत शिरे आणि चोवीस मिनिटांनी वाटी बुडे, की घटका भरली. अशा साठ घटका म्हणजे एक अहोरात्र. घटका भरत आली, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली आणि ब्राह्मणांनी सावधान असा घोष केला.

हा शब्द त्या मंडपात शेकडो माणसांनी ऐकला. आपणही आजवर शेकडो विवाहांत तो ऐकला आहे, आणि ऐकताऐकता अक्षता टाकल्या आहेत, शेजाऱ्याशी बोललो आहोत, जेवणाच्या पंगतीकडे पाहिले आहे. नारायणाने तो ऐकला तो मात्र जणू आपल्यालाच कोणी हाक मारावी तसा. आईला दिलेले वचन अक्षरशः पुरे झाले होते. पुढचा क्षण निसटला तर सारे आयुष्य निसटेल, हे त्या बालकास कळले; आणि तो मंडपातून निघून गेला.

या शब्दाची फोड पाहावी. अवधानासह असणे म्हणजे सावधान. अवधान या शब्दात धातू आहे तो ठेवणे या अर्थाचा. भरकटणारे मन उचलून एका जागी ठेवणे, हे अवधान. ज्ञानेश्वर महाराजांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे दुसरे काही मागितले नाही. मागितले ते हेच. आज आपण सावधान म्हणतो ते धोक्याच्या पाटीवर. मूळ अर्थ भीतीचा नाही, हजेरीचा आहे.

टाकळीची बारा वर्षे

नारायण पायी चालत पंचवटीस आला आणि नाशिकजवळ टाकळी येथे, गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमावर राहिला. येथे त्याने बारा वर्षे तप केले. दिनक्रम परंपरेने जपून ठेविला आहे. सूर्योदयापासून माध्यान्हीपर्यंत कंबरभर पाण्यात उभे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप. नंतर पंचवटीत माधुकरी. दुपारी ग्रंथश्रवण आणि लेखन. शरीरास बाराशे सूर्यनमस्कार. या काळात त्यांनी वाल्मीकी रामायण आपल्या हाताने उतरून काढले. समर्थांच्या हस्ताक्षरातील रामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आजही जतन करून ठेविलेले आहे.

परंपरा असेही सांगते की बारा वर्षांत तेरा कोटी रामनाम झाले. आकडा ऐकून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. आम्ही एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बारा वर्षांचे दिवस सुमारे ४,३८३. तेरा कोटींस त्यांनी भागिले, तर दिवसाचे नाम येते सुमारे २९,६६०. त्या तेरा अक्षरी मंत्रात रामाचे नाव तीन वेळा येते; म्हणजे मंत्राची आवर्तने झाली दिवसास सुमारे ९,८९०. सूर्योदय ते माध्यान्ह हे सहा तास, म्हणजे २१,६०० सेकंद. एका आवर्तनास मिळतात दोन सेकंदांहून थोडे अधिक. शांतपणे म्हणून पाहावे. मंत्र तेवढ्यातच बसतो. शिवाय आपल्या शास्त्रकारांनी अहोरात्रातील श्वास २१,६०० मानिले आहेत, म्हणजे एका श्वासोच्छ्वासास चार सेकंद. श्वास घेताना एक मंत्र, सोडताना एक मंत्र. हिशेब आमचा आहे, श्रद्धेस त्याची गरज नाही. परंतु तो मांडल्यावर तेरा कोटींचा डोंगर दिसेनासा झाला आणि पाण्यात उभ्या असलेल्या एका मुलाचा एक श्वास तेवढा दिसू लागला.

हेच या तपाचे मर्म होय. तेरा कोटी कोणालाही जपता येत नाहीत. जपता येते ते एकच नाम, जे आता मुखात आहे. मागचे सरले, पुढचे आले नाही. जो किती झाले आणि किती उरले यांत मन घालील त्याचा जप तोंडात राहील आणि चित्त मोजणीत जाईल. जसे आमचे घड्याळात गेले होते! म्हणून तर बोटांस माळ दिली आहे. मोजण्याचे काम बोटांनी करावे आणि मनाला मोकळे सोडावे, ही त्या साध्या माळेमागची योजना.

योगशास्त्राने याचा विचार फार सूक्ष्म केला आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात क्षण आणि क्षणांचा क्रम यांवर संयम करावयास सांगितले. त्यावरील व्यासभाष्यात क्षणाचे माप दिले आहे: परमाणूस आपली जागा सोडून लगतच्या जागी जाण्यास लागणारा अवधी तो क्षण. भाष्यकार पुढे सांगतात की दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत. मुहूर्त, दिवस, रात्र ही बुद्धीने केलेली जुळणी आहे. प्रत्यक्षात असतो तो एकच चालू क्षण आणि सारे जग त्या एका क्षणातच पालटत असते. व्यवहारासाठी अमरकोशाने वेगळे माप दिले. त्यात बारा क्षणांचा एक मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचे अहोरात्र. त्या हिशेबाने क्षण येतो चार मिनिटांचा. एक माप योग्याचे, दुसरे संसारी माणसाचे. दोन्हींत सांगितलेले एकच, की काळाची मोट बांधतो तो मनुष्य. देवाने दिलेला असतो तो सुटा क्षण.

आणि मन त्या सुट्या क्षणात राहावयास किती नाखूश असते! आधुनिक विद्वानांनीही हे मोजून पाहिले आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे २,२५० प्रौढ माणसांना दिवसातून अवचित वेळी मोबाईलवरून विचारले, की या घटकेस आपण काय करीत आहात, मन कोठे आहे आणि समाधान किती आहे. २०१० साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जागेपणीचा सुमारे ४७ टक्के काळ माणसांचे मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन दुसरीकडे असता माणसे कमी समाधानी होती. आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग आपण आपल्याच घरी नसतो, असा याचा अर्थ. समर्थांनी दोनशे पाच श्लोकांत मनाला सज्जन म्हणून, हाताला धरून, समजावीत राहण्याचे श्रम का घेतले, ते येथे ध्यानात येते. मनाला दटावून चालत नाही. बाहेर खेळावयास गेलेल्या मुलास आई जशी पुनःपुन्हा हाक मारते, तशी त्याला हाक मारावी लागते.

वाट पाहणारी माता

येथपर्यंत कथा सुखाने चालते. पण येथे श्रोत्यांतील कोणी माउली उठून विचारील की महाराज, मुलगा क्षणात स्थिर झाला हे खरे, आईचे काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्याला बगल देऊन कीर्तन पुढे नेणे आम्हांस उचित वाटत नाही.

टाकळीची बारा वर्षे संपल्यावर समर्थांनी आणखी बारा वर्षे भारतभर तीर्थाटन केले. म्हणजे इ.स. १६२० पासून १६४४ पर्यंत चोवीस वर्षे. दिवस मोजले तर सुमारे ८,७६६. तेवढेच दिवस जांबेस राणूबाईंनी काढिले. काळ एकच, सूर्य एकच. पण दोन मनांत तो किती निराळा वाहिला! मुलाच्या मनात प्रत्येक दिवस नव्या घाटावर, नव्या नामात उगवला. आईच्या मनात तो एकच दिवस पुनःपुन्हा उगवत राहिला, मंडपातून मुलगा गेला तो. दाराशी पाऊल वाजले की नारायण आला, आणि पाऊल पुढे गेले की नारायण गेला. वाट पाहणाऱ्याला वर्तमान नसतो. त्याचा जीव मागच्या एका क्षणात आणि पुढच्या एका क्षणात वाटला गेलेला असतो, आणि मधला सारा काळ नुसता जड होऊन बसतो. दवाखान्याच्या बाकावर, फाट्यावर एसटीची वाट पाहताना ज्याने एक तास काढला आहे त्यास हे सांगावयास नको. रडून रडून त्या माउलीची दृष्टी गेली, असे चरित्रे सांगतात.

मग एके दिवशी जांबच्या घरापुढे एक गोसावी भिक्षेस उभा राहिला. आईने आवाज ओळखला. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण चोवीस वर्षे तो आवाज तिच्या कानांत जागा होता. समर्थांनी तिच्या डोळ्यांवरून हात फिरविला आणि तिला पुन्हा दिसू लागले, असे परंपरा श्रद्धेने सांगते. आम्ही या प्रसंगी दरवर्षी एवढेच सुचवितो, की आईला प्रथम दिसले ते मुलाचे मुख, आणि ते बारा वर्षांच्या मुलाचे नव्हते. छत्तीस वर्षांचा, दाढीजटा वाढविलेला पुरुष समोर उभा होता. तिने तो जसा होता तसा पाहिला, त्या क्षणी तिचे वाट पाहणे संपले. तिलाही सावधानतेची दीक्षा मिळाली म्हणावयाची. समर्थ काही काळ मातेजवळ राहिले. श्रीमद्भागवतात कपिलमुनींनी आपल्या मातेला, देवहूतीला, जो उपदेश केला तोच त्यांनी राणूबाईंस सांगितला, असे सांप्रदायिक मानतात. मुलाने आईला काय द्यावे, याचे याहून योग्य उदाहरण त्यांना पुराणांत सापडले नसते.

आणि मातेची ही चोवीस वर्षे समर्थांच्या पुढील शिकवणुकीत वाया गेली नाहीत, असे आम्हांस मनापासून वाटते. मंडपातून पळालेल्या या पुरुषाने पुढे गृहस्थांना घर सोडावयास सांगितले नाही. उलट प्रपंच नीट करा, तो नीटनेटका झाला म्हणजे मग परमार्थाची गोष्ट बोला, असे बजाविले. स्वतःच्या सुटलेल्या संसाराची आठवण ज्याला आहे तोच हे इतक्या आस्थेने सांगू शकतो. सावधान याचा एक अर्थ नारायणाने मंडपात घेतला. दुसरा अर्थ रामदासांनी लोकांच्या दाराशी नेऊन दिला. जे हातात आहे त्यात पूर्ण असा. चुलीपाशी असाल तर चुलीपाशी, शेतात असाल तर शेतात, आईजवळ बसलात तर आईजवळ.

क्षणांचे काम

तीर्थाटन संपल्यावर समर्थ कृष्णेच्या खोऱ्यात आले. शके १५६७ मध्ये, इ.स. १६४५ साली, त्यांनी मसूर येथे रामनवमीचा उत्सव मांडिला. शके १५७० मध्ये, इ.स. १६४८ साली, चाफळास राममंदिर उभे राहिले. तेथील मूर्ती अंगापूरच्या डोहातून त्यांस लाभली. शहापूर, उंब्रज, माजगाव, बहे, शिराळे, पारगाव अशा ठिकाणी त्यांनी मारुती स्थापिले. त्या अकरा मारुतींच्या दर्शनास आजही लोक जातात. वेणाबाई, अक्काबाई यांसारख्या स्त्रियांना त्यांनी शिष्या म्हणून स्वीकारिले. वेणाबाईंस मिरजेचा मठ सांभाळावयास दिला आणि कीर्तनाचा अधिकार दिला. बारा वर्षे पाण्यात उभा असलेला मनुष्य आता एका जागी बसत नव्हता.

दासबोध या ग्रंथाचे वीस दशक, दोनशे समास, ७,७५१ ओव्या. शिवथरघळीत तो सांगितला गेला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला अशी परंपरा. त्यात ब्रह्मज्ञान आहे, मायेचा निरास आहे. आणि त्याच ग्रंथात बोरू कसा धरावा, अक्षरे किती वाटोळी आणि सुटी काढावीत, कागद कसा राखावा, यासाठी एक अख्खा समास खर्ची घातला आहे. हे दोन विषय एका पोथीत कसे, असे पूर्वी आम्हांस वाटे. आता वाटत नाही. ज्याचे मन अक्षर काढताना अक्षरात नाही त्याचे मन ब्रह्मविचार करताना ब्रह्मात असेल, हा भरवसा कोणी द्यावा? तिसऱ्या दशकात समर्थांनी गर्भवासापासून वार्धक्यापर्यंत मनुष्याचे सारे आयुष्य उलगडून दाखविले आहे. बाळपण खेळात गेले, तारुण्य हव्यासात गेले, म्हातारपणी मागे वळून पाहिले तर हाती काही नाही. तो भाग वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यातला माणूस दुष्ट नाही. तो केवळ बेसावध आहे. आणि मग ठायी ठायी समर्थ सांगतात की रिकामा क्षण जाऊ देऊ नका.

इ.स. १६७६ पासून समर्थ परळीच्या किल्ल्यावर, सज्जनगडावर, राहिले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, इ.स. १६८२ साली, त्यांनी देह ठेविला. शेवटच्या दिवसांत शिष्य व्याकूळ झाले, तेव्हा आपण ग्रंथरूपाने येथेच आहोत, शोक करू नये, असे त्यांनी समजाविले. बारा वर्षांचा असता पुढच्या क्षणासाठी सर्व सोडणारा, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी पुढच्या क्षणाची भीती नसणारा, हा मनुष्य एकच होता. मधल्या साठ वर्षांत त्याने एक शब्द पाळिला होता.

आमची कबुली

आता थोडे आमचे. आमच्या मातोश्री अखेरच्या वर्षांत ओसरीवर बसून असत. आम्ही गावोगाव कीर्तने करून येत असू. घरी असलो की त्यांच्याजवळ घटकाभर बसत असू; पण मांडीवर पोथी, मनात उद्याचे आख्यान. त्या काही विचारीत, आम्ही हुंकार देत असू. मातोश्री गेल्यावर समर्थ आणि राणूबाई यांच्या भेटीचे आख्यान लावताना एके दिवशी कंठ दाटून आला. श्रोत्यांस वाटले बुवा रंगले. खरे कारण वेगळे होते. आम्ही गावाला गेलो त्या दिवसांचे दुःख आम्हांस झाले नाही. ते दिवस धर्मकार्यात गेले. दुःख झाले ते आम्ही घरी होतो त्या दिवसांचे. समर्थ चोवीस वर्षे दूर राहिले आणि आले तेव्हा पूर्ण आले. आम्ही रोज जवळ होतो आणि आलोच नाही.

म्हणून पुढच्या वर्षी कुरखेड्यास गेलो तेव्हा चौरंगावर घड्याळ ठेवू दिले नाही. गावातील एका शाळकरी मुलास कोपऱ्यात घड्याळ देऊन बसविले आणि बारा वाजता घंटा वाजविण्यास सांगितले. मोजणे त्याच्याकडे दिले, जसे जपात ते बोटांकडे देतात. आख्यान कौसल्येच्या महालात पोचले आणि घंटा व्हावयास अजून थोडा अवकाश आहे असे वाटून आम्ही थांबलो. मंडपही थांबला. बाहेर ऊन होते. पुढच्या रांगेत त्या वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांच्या बोटांना मोहफुलांचा गोड उग्र वास होता, तो आमच्यापर्यंत येत होता. एक लहान मूल पाळण्याकडे बोट दाखवीत होते. हे सारे मागील वर्षीही असणार. आम्ही पाहिले नव्हते. मग घंटा झाली.

वाचकहो, आज माध्यान्ही आपल्या घरीही राम जन्मास येईल. सुंठवडा वाटताना, पाळण्याची दोरी ओढताना, घरातील वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना, बाराच्या ठोक्यास एवढेच करावे: मन कोठे गेले आहे ते पाहावे, आणि त्याला हळूच हाक मारून घरी आणावे. त्याच क्षणी घरात कोणी तरी आपली वाट पाहत बसलेले असेल, तर रामाच्या पाळण्याजवळून उठून दोन पावले त्यांच्याकडे जावे. समर्थांना ते आवडेल असा आमचा विश्वास आहे.

जय जय रघुवीर समर्थ.